बिनहाडाचा इग्नात

गरुडाने सानाशचं करडू उचललं ते भर सकाळी, त्याच्या डोळ्यांदेखत. सानाशच्या हातात बंदूक होती, पण तिचा त्याला काही उपयोग नव्हता. तो गरुडाच्या हाडाचा. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळे गरुडाच्या हाडाचे. गरुड त्यांचं देवक. त्याला मारायचं नाही, त्याचं पीस खाली पडलेलं दिसलं तर उचलून उंच जागी ठेवायचं, आणि तो डोक्यावरून गेला तर टोपी काढायची. सानाशने टोपी काढली. करडू ओरडत ओरडत वर गेलं आणि सानाश उघड्या डोक्याने बघत राहिला. दुपारपर्यंत ही बातमी खोरंभर झाली. ऐकणारा प्रत्येक जण आधी हळहळला आणि मग म्हणाला, इग्नातला सांगा.

इग्नातला सांगायची रीत जुनीच होती. आमच्याकडे माणूस भेटला की आधी विचारतात, कोणत्या हाडाचा? नाव मागाहून. हाड बापाकडून येतं, आणि बाई लग्न होऊन कुठेही गेली तरी तिचं हाड माहेरचंच राहतं. कोणी हंसाच्या हाडाचं, कोणी लांडग्याच्या, कोणी अस्वलाच्या. एका हाडाची माणसं भावंडं समजायची, मग ती जन्मात पहिल्यांदा का भेटत असेनात. त्यांच्यात सोयरीक होत नाही. मेंढी कापली तर मांसाचे वाटेही हाडावर आणि नात्यावर पडतात, हा तुकडा मामाचा, तो जावयाचा, डोकं सगळ्यात थोरल्याचं.

इग्नातला हाड नव्हतं. म्हणजे असणारच, बापाशिवाय कोणी जन्माला येत नाही. पण ते कोणाला ठाऊक नव्हतं. तो शहरातल्या अनाथालयात वाढला. नावसुद्धा तिथल्या रशियन बाईने ठेवलेलं. चेहरा मात्र अस्सल आमच्याकडचा, गालाची हाडं वर आलेली, डोळे बारीक. तुला त्या डोंगरांकडून आणलं होतं, एवढंच त्याला तिथे सांगितलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर तो विशीत ट्रॅक्टर दुरुस्त करणारा होऊन आमच्या खोऱ्यात आला, आणि पहिलं वर्षभर घरोघर विचारत फिरला. लोकांनी चहा पाजला, तोंड निरखून बघितलं. कोणी म्हणालं, नाक अमक्यासारखं आहे हो, आणि मग अमक्याची बायको शेजारीच बसली आहे हे ध्यानात येऊन गप्प बसलं. पुढे त्याने विचारणं सोडून दिलं.

मग एका वर्षी हंसांच्या जोडीतला एक विजेच्या तारेवर आपटला. पंख मोडून तो तळ्याकाठी तडफडत होता आणि हंसाच्या हाडाची माणसं लांब उभी राहून रडत होती. मारायचं तर पाप, बघायचं तर बघवत नाही. कोणाच्या तरी डोक्यात आलं, की याला कसलंच हाड नाही, तर शाप लागणार तरी कुठे? इग्नातने हंसाची मान मुरगळली. तिथपासून ते त्याचं कामच झालं. खरजेने सडलेला लांडगा असो नाहीतर मधाच्या पोळ्यांवर टपलेलं अस्वल, ज्याचं देवक तो दाराआड बसायचा आणि इग्नात जाऊन यायचा. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायला आमची माणसं कोणाला ऐकायची नाहीत. मोबदला म्हणून मांस, लोणी, चहाची पुडी मिळायची, पण ती कुंपणाच्या खांबावर ठेवलेली. देवकाच्या रक्ताचे हात त्या दिवशी घरात घेत नाहीत. इग्नात खांबावरून पुडी उचलायचा, टोपीला हात लावून दाराकडे मान हलवायचा आणि घरी जाऊन एकटाच शिजवून खायचा. तुकडा चांगला असायचा. त्याच्या वाट्याचा म्हणून मात्र नसायचा.

आता सांगायचं तोर्कोबद्दल. तोर्को विधवा. खोऱ्याच्या वरच्या टोकाला, जिथे हिवाळ्यात मेंढ्या ठेवतात, तिथे ती एकटी राहायची. मुलगी लग्न करून खिंडीपलीकडे गेलेली. इग्नात तिची चूल बांधायला गेला तो शरद ऋतूत. दोन दिवसांचं काम त्याने आठवडाभर पुरवलं. चूल म्हणजे काय राजवाडा आहे का, असं ती म्हणाली, आणि रोज त्याच्यासाठी मीठ घातलेला दुधाचा चहा ठेवू लागली. तिची जीभ तिखट होती. तो बशीतला चहा फार फुंकायचा, तर ती म्हणाली, "चहा पितोयस का विस्तव पेटवतोयस? अनाथालयात पोरांना प्यायलासुद्धा शिकवत नाहीत का?" इग्नात हसला. त्याला स्वतःचं हसू अनोळखी वाटलं, इतक्या दिवसांत ते ऐकलं नव्हतं. हिवाळाभर तो काही ना काही निमित्ताने वर जात राहिला. निमित्तं संपली तेव्हा तोर्कोनेच विषय काढला.

"इथेच राहायला ये. पण लपूनछपून नको. मी गरुडाच्या हाडाची बाई आहे, माझ्या माणसांनी माझ्या तोंडावर थुंकलेलं मला चालणार नाही. सानाशला विचार."

विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे इग्नातला कळत होतं. सानाश गरुडाच्या हाडातला थोरला. त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्याने सगळं ऐकून घेतलं, दाढी नसलेली हनुवटी चोळली आणि म्हणाला, तुझं हाड कोणतं ते माहीत नाही. उद्या तू आमच्यातलाच निघालास तर? भावाबहिणीचं लग्न लावल्याचं पाप माझ्या माथी. विचार करून सांगतो. हा विचार तो दोन महिने करत होता. आणि मग गरुडाने करडू नेलं, पाठोपाठ दुसरं नेलं, आणि सानाशचा विचार एकदम पुरा झाला.

तो स्वतः इग्नातच्या दारी आला. असा तो कधी येत नसे.

"गरुडाच्या हाडाच्या माणसाने गरुड मारला तर तो वर्ष काढत नाही," सानाश म्हणाला. "माझ्या चुलत्याचं तसंच झालं होतं, सगळ्यांना माहीत आहे. तू हा गरुड मार. पुढच्या वसंतापर्यंत तू धडधाकट राहिलास तर तू आमच्या हाडाचा नाहीस हे सिद्ध झालं. मग मीच तुमचं लग्न लावतो."

"आणि नाही राहिलो तर?"

"तर लग्नाचा प्रश्नच मिटला."

इग्नात हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? करडंही वाचतील आणि तोर्कोही मिळेल, असं त्याने स्वतःला समजावलं. तोर्कोला सांगितलं तेव्हा ती जवाचं पीठ भाजत होती. तिचा हात थांबला. तिच्या लग्नासाठी तिच्याच देवकाचा जीव जाणार, हे तिला सोसणारं नव्हतं, आणि नको म्हणणंही तिला जमेना. जव करपल्याचा वास सुटला तेव्हा ती भानावर आली.

"मारशील तेव्हा मला सांगू नकोस," ती म्हणाली. "कधी, कुठे, काही सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सिनारू म्हातारीचा निरोप आला, चूल धुरते आहे, बघून जा. सिनारू गावाच्या कडेला राहायची. तिचं लग्न झालं नव्हतं, एका डोळ्याने दिसत नव्हतं, आणि तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. इग्नात बंदूक घेऊन डोंगराकडे निघालाच होता, तो वाट वाकडी करून तिच्याकडे गेला. चूल उत्तम जळत होती.

"चूल काही धुरत नाही तुझी, आजी."

"मला माहीत आहे. बंदूक बाहेर ठेव आणि बस."

तो बसला. तिने त्याला चहा दिला नाही. एका डोळ्याने बराच वेळ बघत राहिली.

"गरुडाचं काम घेतलंयस म्हणे."

"घेतलंय."

"करू नकोस."

"का?"

"स्वतःचं देवक मारत नाहीत म्हणून."

इग्नातला आधी ते समजलंच नाही. मग समजलं. सिनारूने सगळं कोरडेपणाने सांगितलं, जसं कोणी गेल्या वर्षीच्या थंडीबद्दल सांगतं. तिचा थोरला भाऊ यालबाक, आणि वरच्या वस्तीतली एक मुलगी. दोघंही गरुडाच्या हाडाची. एका हाडाची दोघं एकत्र आली, तिला दिवस गेले, आणि दोन्ही घरांनी तोंडं शिवून घेतली. मुलीला खिंडीपलीकडे पाठवलं, तिथेच ती छातीच्या दुखण्याने गेली. मूल दुधाच्या गाडीवाल्याबरोबर शहरात पाठवलं. यालबाक लाकूडतोडीच्या कामावर गेला आणि नदीतून ओंडके सोडताना बुडाला. लोक म्हणाले पाय घसरला. सिनारूचं म्हणणं, तो मासा होता पाण्यातला, त्याचा पाय घसरत नसे.

"पहिल्या वर्षी तू चहाला आलास ना," ती म्हणाली, "तेव्हाच ओळखलं. कान त्याचेच आहेत."

"म्हणजे तू माझी..."

"आत्या. दुसरं कोण?"

हा शब्द ऐकायला इग्नातने किती तरी वर्षं काढली होती. लहानपणी अनाथालयाच्या खिडकीशी उभा राहून तो येणाऱ्या प्रत्येक बाईला मनातल्या मनात मावशी, आत्या, काकी करून बघायचा. आता खरीखुरी आत्या समोर बसली होती आणि त्याला तिचं काय करावं ते कळेना. त्याला राग आला, एवढंच त्याला कळलं.

"इतकी वर्षं माझ्याकडून चुली दुरुस्त करून घेतल्यास. तेव्हा नाही बोललीस."

"तेव्हा तू दुसऱ्यांची देवकं मारत होतास." तिचा आवाज जरासा खाली आला. "सांगून तुला काय मिळालं असतं? बिनहाडाचा म्हणून निदान चहा तरी मिळत होता. एका हाडाच्या दोघांचं पोर म्हटल्यावर तोही मिळाला नसता."

"मग आता सानाशला सांगशील?"

"मी कोणालाच सांगणार नाही. सांगायचं असेल तर तू सांग. सांगितलंस की तू आमचा. चार शिव्या खाशील, पण आमचा. मग तोर्को तुझी बहीण. नाही सांगितलंस तर तोर्को तुझी बायको, पण त्यासाठी गरुड मारावा लागेल, आणि मारलास तर तू जगत नाहीस." ती उठली आणि चुलीत लाकूड सरकवलं. "माझा जीव तुटतो म्हणून बोलावलं. आता जा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. इग्नात डोंगर चढत होता आणि ज्या दोन गोष्टी त्याने आयुष्यभर मागितल्या त्या दोन्ही एकाच दिवशी समोर येऊन एकमेकींचा गळा धरून उभ्या होत्या. कड्यावर पोचल्यावर तो घरट्यासमोरच्या खडकाआड बसला. वारा फार होता. खाली तोर्कोच्या घराचा धूर दिसत होता. तिथून पलीकडे त्याचं स्वतःचं घर, त्यातून धूर येत नव्हता, कारण तो घरी नसला की त्या घरात कोणीच नसे. तो त्या दोन छपरांकडे बघत राहिला.

गरुड आला तेव्हा त्याच्या पायांत काही नव्हतं. तो वाऱ्यावर नुसता तरंगत होता, मोठा, तांबूस, मानेवर सोनेरी झाक असलेला. इग्नातचा हात आपोआप टोपीकडे गेला. आणि त्याच क्षणी संतापाने त्याने तो खाली ओढला. माझं डोकं भादरून मला रांगेत उभं करत होते तेव्हा तू कुठे होतास? मला ताप यायचा, रात्रभर कोणी फिरकायचं नाही, तेव्हा कुठे होतास? सगळ्यांची देवकं सगळ्यांना सांभाळतात, मग मला सांभाळायला कोणाचा बाप येणार होता? एवढी वर्षं हाडाशिवाय काढली, उरलेलीही काढीन. तोर्कोशिवाय मात्र काढणार नाही.

त्याने टोपी काढली नाही. नेम धरला आणि गोळी झाडली.

गरुड खाली पडायला फार वेळ लागला. इग्नात उतरून त्याच्यापाशी गेला तेव्हा तो मेलेला होता, डोळा उघडा. एरवी काम झालं की तो जनावर खड्ड्यात टाकून मोकळा व्हायचा. या वेळी त्याने दगड गोळा केले, एकेक करून त्याच्यावर रचले, आणि आपला गळपट्टा फाडून त्याची मानाची पांढरी चिंधी वरच्या झुडपाला बांधली. मग तिथेच बसून राहिला. काहीतरी होईल असं त्याला वाटत होतं. वीज पडेल, दरड कोसळेल, निदान छातीत कळ येईल. काही झालं नाही. त्याला भूक लागली.

सानाशने खांबावर अख्खी मेंढी ठेवली होती.

उन्हाळा भीतीत गेला. इग्नात गवत कापताना विळ्याकडे बघायचा, घोड्यावर चढताना पट्टा दोनदा ओढून बघायचा. लोक त्याच्याकडे नवलाने बघत, बाजारात एखादं वासरू जगतंय का मरतंय ते बघावं तसं. गावातल्या रिकामटेकड्यांनी पैजा लावल्या असणार, आमच्याकडे तेवढी अक्कल आहेच. तोर्को काही विचारत नसे. तो वर गेला की त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायची आणि चहा ठेवायची.

शरदात चिलगोजे काढायला गेले तेव्हा एका झाडावर तो आणि आणखी एक जण चढलेले. दुसऱ्याच्या पायाखालची फांदी मोडली, त्याचा खांदा निखळला. इग्नातची फांदी त्याहून बारीक होती, ती हललीसुद्धा नाही. हिवाळ्याच्या तोंडाला नदी ओलांडताना त्याच्या मागची घसरगाडी बर्फ फुटून पाण्यात गेली. तो पुढे कोरडाच. त्या साली खोऱ्यात सगळ्यांना खोकला झाला, म्हातारी माणसं दगावली, सानाश तीन आठवडे अंथरुणाला खिळला. इग्नात घरोघर लाकडं फोडून देत होता. त्याला शिंकसुद्धा आली नाही.

लोक म्हणू लागले, चला, बरं झालं, हा काही गरुडाचा नाही. ते आनंदाने म्हणत. इग्नातही मान हलवायचा. पण त्याच्या आत काहीतरी उलटं फिरायला लागलं होतं. भीती कधी संपली आणि वाट बघणं कधी सुरू झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. अनाथालयात त्याने एकदा खिडकीची काच मुद्दाम फोडली होती. शेजारच्या पोराने फोडली तेव्हा त्याच्या मामाने येऊन कान उपटला होता. इग्नातला बघायचं होतं, आपल्यासाठी कोण येतं. चौकीदाराने काचा झाडल्या आणि तो निघून गेला. आता इतक्या वर्षांनी तो पुन्हा तसाच उभा होता, काच फोडून, वर बघत.

खोकल्याने सिनारूला पाडलं. इग्नात रोज लाकडं घेऊन जायचा. लोकांना वाटलं, भला माणूस. कोणी आसपास नसताना त्याने एकदा तिला आत्या म्हणून हाक मारून बघितली. तिने ओ दिली. मग दोघंही ओशाळली.

"जिवंत आहेस अजून," ती एक दिवस म्हणाली. हे ती हल्ली रोजच म्हणायची, आणि तिच्या आवाजात दर वेळी सुटकाही असायची आणि कोडंही.

"आहे. मला खोकलासुद्धा होत नाही, आत्या."

"मी खोटं बोलले असं वाटतंय तुला."

"तू खोटं बोलली नाहीस. मग गरुड गप्प का?"

सिनारूने चुलीकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "मूल जन्मलं की बापाकडचं कोणीतरी विस्तवात लोणी घालून त्याचं नाव सांगतं. मग देवकाला कळतं, हा आपला. तुझं नाव कोणी सांगितलंच नाही. तुला त्या रात्रीच उचलून नेलं. त्याला माहीतच नाही तू कोण ते."

इग्नात उठला. फळीवरचं लोणी काढलं, वाटी तिच्या हातात दिली, तिला धरून चुलीपुढे बसवलं.

"मग आता सांग."

"वेडा झालास?"

"तू बापाकडची आहेस. तुला सांगता येतं. सांग."

"सांगितलं की तो ओळखेल. आणि ओळखलं की..." तिने वाटीतल्या लोण्याकडे बघितलं. "वर्ष संपायचंय अजून."

"ओळखू दे की."

म्हातारीने वाटी खाली ठेवली. तिला रडताना आमच्यात कोणी पाहिलं नव्हतं, इग्नातने पाहिलं. एका भावाला तिने पाण्यात घालवलं होतं, भावाच्या पोराला स्वतःच्या हाताने विस्तवात घालायला ती तयार नव्हती. नाही, ती म्हणाली, तू जग. तोर्कोच्या घरी जा, चहा पी, जग. तो हट्ट धरून बसला, तिने पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी तिची वाचा गेली आणि त्यानंतर चार दिवसांनी ती गेली.

रक्ताच्या माणसाने मेलेल्यासाठी खड्डा खणायचा नाही अशी आमच्याकडे रीत आहे. गरुडाच्या हाडाची माणसं आत बसली आणि इग्नातला निरोप गेला. जमीन दगडासारखी गोठलेली होती. आधी शेकोटी पेटवून ती मऊ करावी लागली. मग तो खणत राहिला. सानाश काठी टेकत बाहेर आला, खड्ड्याकडे बघून म्हणाला, तू आहेस म्हणून बरं, आम्हाला कोणाला हात लावता येत नाही. इग्नातने कुदळ थांबवली. तो काय म्हणू शकत होता ते त्याच्या अगदी ओठांवर होतं. पण सांगणार कशाच्या बळावर? ज्या एका तोंडाने ते खरं ठरलं असतं ते आत कापडाखाली झाकलेलं होतं. आणि डोंगरावर तोर्को होती. त्याने पुन्हा कुदळ उचलली. त्याने आपल्या आत्याचा खड्डा खोल, सरळ कडांचा खणला. सगळे म्हणाले, काम चोख करतो.

वसंत आला. बर्फ वितळलं, करडं झाली, आणि सानाशने माणसं जमवून धूप जाळला. वर्ष सरलं, त्याने जाहीर केलं, इग्नातच्या केसालाही धक्का लागला नाही. म्हणजे तो आमच्या हाडाचा नाही, आमची बहीण त्याला द्यायला हरकत नाही. लोकांनी दुधाची दारू ओतली. जन्मात पहिल्यांदा इग्नातला मेंढीचा त्याच्या हक्काचा भाग मिळाला, छातीचा, जावयाचा. त्याने तो सगळ्यांसमोर खाल्ला. चव चांगली होती, आणि तो खोटं वागत होता, आणि तोर्को इतकी खूश होती की तिच्याकडे बघून त्याला रडू येत होतं.

लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी एका सकाळी दोघं बाहेर मेंढ्यांची लोकर कापत बसली होती. वरच्या कड्यावर कुठून तरी नवा गरुड आला होता, मानेवर अजून पांढरट पिसं असलेला, तरुण. तोर्कोने पटकन डोक्यावरचा रुमाल मागे सारला. इग्नात कात्री हातात धरून वर बघत राहिला. गरुडाने एक घेर घेतला, दुसरा घेतला, अगदी खाली येऊन त्यांच्या डोक्यावरून गेला आणि नदीकडे निघून गेला. इग्नात अजून वरच बघत होता.

"अजून भीती वाटते?" तोर्कोने विचारलं. "वर्ष कधीच सरलं की."

"भीती नाही."

"मग रोज काय बघतोस वर?"

त्याने मेंढीच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"एवढं केलं मी. वाटलं होतं, कोणीतरी रागवेल."

तोर्को हसली. तिने त्याच्या दंडावर लोकरीने भरलेला हात ठेवला. तिच्या बोलण्यात माया होती, नुसती मायाच होती.

"वेडा रे वेडा. तुझ्यावर रागवायला तुझं आहे कोण? मी सोडून?"

इग्नातने मान हलवली आणि मेंढीची दुसरी बाजू वर केली.